दोन दिवस, एक शहर, एकच गोष्ट

जर्मनीतल्या कोलोनमध्ये राहण्याचा सगळ्यात मोठा फायदा कुठला, असं कुणी विचारलं तर आम्ही दोघंही एकच उत्तर देतो: इथलं रेल्वे स्टेशन. इथून ब्रसेल्स दोन तासांच्या आत आणि पॅरिस साडेतीन तासांच्या आत. पुण्याहून मुंबईला पोचेपर्यंत इथे माणूस दुसऱ्या देशात जाऊन कॉफी पीत बसलेला असतो. हे ऐकलं की घरची मंडळी म्हणतात, "मग काय, तुमचं सगळं युरोप बघून झालं असेल!" नाही झालं. आणि तशी घाईही नाही.

शनिवार-रविवारच्या सहलींसाठी आमच्या घरात एक नियम आहे. ज्या शहरात जायचं तिथली एकच गोष्ट आधी ठरवायची आणि तिला हवा तेवढा वेळ द्यायचा. बाकीचं शहर पायी फिरताना जसं समोर येईल तसं बघायचं. बारा दिवसांत आठ देशांची टूर करणाऱ्यांबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. विमानाचा एवढा खर्च करून आयुष्यात एकदा यायचं, तर जास्तीत जास्त बघावंसं वाटणारच. पण ज्यांना इथे राहायला मिळतंय, त्यांनी तरी ती घाई अंगावर घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सुट्ट्यांचं गणित इथे मे-जूनमध्ये फार छान जमतं. येशूच्या स्वर्गारोहणाचा सण नेहमी गुरुवारी येतो. आमच्या राज्यात त्यानंतर आणखी एका गुरुवारी, फ्रोनलाइखनाम या कॅथलिक सणाची, सुट्टी असते. मधल्या शुक्रवारी रजा टाकली की चार दिवस मोकळे. अर्थात हे गणित सगळ्या जर्मनीला येतं, म्हणून या दिवसांची तिकिटं आम्ही थंडीतच काढून ठेवतो. जितकं आधी तितकं स्वस्त.

अशाच एका गुरुवारी आम्ही बेल्जियममधल्या गेंटला गेलो. ब्रसेल्सला गाडी बदलली की पुढे अर्ध्या तासाचा प्रवास. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, ती लिएजचं पांढऱ्या कमानींचं भव्य स्टेशन मागे पडायच्या आत संपली. गेंटबद्दल मला एक गोष्ट आधीपासून आवडायची. या शहराने 2009 साली गुरुवार हा शाकाहाराचा वार म्हणून जाहीर केला आणि तिथल्या शाळांच्या जेवणातही तो आणला. आमच्या सासरी गुरुवार दत्ताचा, त्यामुळे घरात त्या दिवशी पिढ्यान् पिढ्या शाकाहारच. इतक्या लांबच्या शहराचा आणि आमच्या घरचा वार एकच निघाला, याचा मला फार आनंद झाला. वॉटरझोई हा तिथला खास पदार्थ खरं तर मासे किंवा कोंबडी घालून करतात. नदीजवळच्या एका लहानशा खाणावळीत तो मश्रूम, गाजर आणि बटाटा घालून मिळाला. अंडं नाही ना, एवढं विचारून घेतलं आणि क्रीमच्या त्या पातळ रश्शात पाव बुडवून दोघांनी वाटी पुसून खाल्ली.

गेंटला आम्ही गेलो होतो एका चित्रासाठी. सेंट बाव्हो कॅथीड्रलमध्ये व्हॅन आइक बंधूंनी रंगवलेलं, 1432 साली पुरं झालेलं, अनेक फळ्यांचं वेदीचित्र आहे. शुक्रवारी सकाळी आम्ही त्याच्या काचेसमोर उभे राहिलो आणि बराच वेळ तिथून हललो नाही. खालच्या मधल्या फळीवर हिरव्यागार कुरणात एक वेदी आहे, वेदीवर येशूचं प्रतीक म्हणून मेंढीचं कोकरू उभं आहे, त्याच्या छातीतून रक्ताची धार सोन्याच्या पेल्यात पडते आहे. ते कोकरू थेट आपल्याकडे बघतं. सोळाव्या शतकात कुणीतरी त्याच्या तोंडावर रंग चढवून ते साध्या मेंढीसारखं करून टाकलं होतं. अलीकडच्या डागडुजीत तो थर काढला तेव्हा खालून मूळ चेहरा निघाला: जवळजवळ आलेले, माणसासारखे समोर रोखलेले डोळे. पायाखालचं गवत तर बघत राहावं. फुलं आणि पानं इतकी नेमकी आहेत की वनस्पती जाणणारे त्यातली नावं सांगू शकतात. तेलरंगाचे पातळ थर एकावर एक चढवून हा उजेड आणला आहे. मुकुटावरचं रत्न पाहिलं तर त्यात खिडकीचं प्रतिबिंब सापडेल असं वाटतं.

या चित्रावर जेवढे हात पडले तेवढे क्वचितच कुठल्या चित्रावर पडले असतील. फ्रेंच फौजांनी त्यातल्या फळ्या पॅरिसला नेल्या. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ते पळवून ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीत ठेवलं. 1934 साली खालची डाव्या टोकाची फळी चोरीला गेली, ती आजतागायत सापडलेली नाही. तिथे आता नक्कल आहे. नवरा त्या नक्कलेसमोर जास्त वेळ रेंगाळला. हरवलेल्या जागी कुणीतरी इतकं झटून काम केलंय, हेच त्याला महत्त्वाचं वाटलं.

बेल्जियममधल्याच अँटवर्पमध्ये आमची एक गोष्ट म्हणजे स्टेशनच. 1905 सालची दगडी इमारत, वर प्रचंड घुमट, आणि गाड्या एकाखाली एक अशा मजल्यांवर. स्टेशनाला लागूनच हिऱ्यांच्या व्यापाराची गल्ली आहे. तिथे चालताना कानावर गुजराती पडतं आणि क्षणभर मुंबईतच असल्यासारखं वाटतं. लक्झेंबर्गला फारसं लिहिण्यासारखं काही केलं नाही. तिथे 2020 पासून देशभर बस, ट्राम आणि रेल्वे फुकट आहे. मिळेल त्या बसमध्ये बसून आम्ही दऱ्याखोऱ्यांवर वसलेलं ते शहर वरून आणि खालून बघितलं.

फ्रान्समधलं, जर्मनीच्या सीमेवरचं स्ट्रासबर्ग मात्र मनातून जात नाही. सगळे तिथे कॅथीड्रलसाठी जातात आणि जायलाच हवं. गुलाबी वालुकाश्माचं, एकच मनोरा असलेलं ते 142 मीटर उंच बांधकाम दोनशेहून जास्त वर्षं जगातलं सर्वांत उंच होतं. आमची गोष्ट मात्र तिथून थोडं दूर, प्लास द ला रेपुब्लिक या चौकात होती. भोवताली कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, काळातल्या जाडजूड जर्मन इमारती, गिंकोची झाडं आणि मधोमध 1936 साली उभारलेलं युद्धस्मारक. एक आई बसली आहे आणि तिच्या अंगावर दोन मरणारे मुलगे कलंडले आहेत. दोघेही उघडे. गणवेश नाही, त्यामुळे कोण कुठल्या सैन्यात होता ते कळत नाही. एक फ्रान्ससाठी पडला, एक जर्मनीसाठी. मरताना त्यांचे हात एकमेकांना भिडले आहेत. खाली लेख एवढाच: आमच्या मृतांना. देशासाठी प्राण दिले, हे वाक्य फ्रान्समधल्या गावोगावच्या स्मारकांवर असतं. इथे ते लिहायचं तर कुठल्या देशासाठी?

1870 साली या शहरात जन्मलेल्या आणि घर न बदललेल्या माणसाने 1945 पर्यंत चार वेळा देश बदलला: कधी फ्रान्स, कधी जर्मनी. दुसऱ्या युद्धात इथल्या मुलांना जर्मन सैन्यात जबरदस्तीने भरती केलं. त्या आईसमोर उभं असताना मी नवऱ्याचा हात धरला, आणि दोघांनाही बोलावंसं वाटलं नाही.

दुपारी आम्ही डी लाइनची ट्राम पकडली. 2017 पासून ती ऱ्हाइन ओलांडून पलीकडे जर्मनीतल्या केलला जाते. आमच्यासमोर एक आजी रिकाम्या पिशव्या घेऊन बसल्या होत्या, कारण काही सामान पलीकडे स्वस्त मिळतं. पूल आला, खाली रुंद नदी दिसली, पूल संपला. आजींनी वर बघितलंही नाही. ज्या पाण्यासाठी एवढी माणसं मेली, ते त्यांच्या बाजारहाटाच्या वाटेवर आहे.

पलीकडच्या स्टॉपवर पोलीस चढले, सगळ्यांना नाही पण आम्हाला ओळखपत्र विचारलं. जर्मनीने 2024 च्या सप्टेंबरपासून सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे. त्यामुळे इथे नव्याने आलेल्यांना माझं सांगणं एवढंच: सीमा दिसत नसली तरी पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट दोन्ही, मूळ प्रती, सोबत ठेवा. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. जर्मनीच्या परमिटवर बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, 180 दिवसांतले 90 दिवस फिरता येतं. स्वित्झर्लंडही त्यात येतं, इंग्लंड आणि आयर्लंड येत नाहीत.

सप्टेंबरात आई-बाबा येताहेत. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे मनोरे चढायचे नाहीत. गेंटला गुरुवारी पोचायचं, आईला कोकरू दाखवायचं. स्ट्रासबर्गला एक रात्र राहायचं, चौकात बाकावर बसायचं आणि मग ट्रामने पलीकडे जाऊन यायचं. तिकिटं काढली आहेत.