तुम्ही विचारलंत म्हणून: चार नंबरच्या खोलीवर पाटी का नाही?

आमच्या आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या खोलीवर पाटी आहे, ड्रेसिंगच्या खोलीवर आहे. मी बसते त्या खोलीवर फक्त ४ हा आकडा. "मनाचा त्रास असेल तर मोकळेपणाने या, असं तुम्हीच सांगता. मग पाटी लावायला का लाजता?" नवे सहकारी विचारतात, रुग्णांचे नातेवाईकही विचारतात. प्रश्न रास्त आहे.

पाटी होती. 'मानसिक आरोग्य समुपदेशन'. तिच्याखालचा बाक कायम रिकामा असायचा. लोक ड्रेसिंगच्या बाकावर बसायचे, आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही ना हे बघायचे आणि चटकन आत शिरायचे. काही जण तसेच परत जायचे. आकडा लावल्यावर बाकावर माणसं बसायला लागली.

झिम्बाब्वेतले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनाही हेच शिकावं लागलं. २००६ साली त्यांनी हरारेच्या म्बारे वस्तीत १४ आज्यांना लोकांचं ऐकून घ्यायला आणि अडचणीतून वाट काढायला मदत करायला शिकवलं. दवाखान्याच्या आवारातल्या त्या बाकाचं नाव आधी 'मानसिक आरोग्याचा बाक' होतं. यावर कोणी बसणार नाही, हे आज्यांनीच सांगितलं. मग तो 'मैत्रीचा बाक' झाला. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, म्हणजे फार विचार करणं. आज्या तोच वापरतात. २४ दवाखान्यांतल्या ५७३ जणांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांचा त्रास इतरांपेक्षा पुष्कळ कमी झाला होता.

माझ्याकडेही 'मला नैराश्य आलंय' म्हणत कोणी येत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, डोकं दुखतं. एक बाई तीन महिने डोकेदुखीच्या गोळ्या न्यायला यायच्या. बीपी दर वेळी व्यवस्थित. चौथ्या खेपेला त्यांनी गोळ्या पर्समध्ये टाकल्या, उठल्या, दाराच्या कडीला हात लावला आणि दाराकडेच तोंड करून म्हणाल्या, "सिस्टर, सकाळी उठावंसंच वाटत नाही हो." मी खुर्ची पुढे सरकवली. त्या परत बसल्या.

नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांतलेच काही जण तो गाळतात, उगाच डोक्यात भरवायला नको म्हणून. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असेल तर बोलायला वाट मिळते. मी विचारला. बाई बराच वेळ पर्सच्या चेनशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं."

पण बाहेरच्या लोकांपेक्षा मला आमचीच जास्त काळजी वाटते. मी आधी काम करायचे तिथे एका रुग्णाच्या केसपेपरवर लाल शाईत 'मानसिक' लिहिलेलं होतं. छातीत दुखतंय म्हणत तो सकाळी आला. "टेन्शनचं असेल, बसा बाहेर." ईसीजी काढला दुपारी. हार्ट अटॅक होता. वाचला, पण तो लाल शब्द वाचून त्याला बाहेर बसवणाऱ्यांत मीही होते. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातले बरेच मृत्यू टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांनी होतात. ही आकडेवारी वाचली की त्याला बसवलं होतं तो बाहेरचा बाक मला आठवतो.

म्हणून पाटी काढली, तरी खोलीत आवाज खाली आणत नाही. शुगरच्या गोळ्या समजावते त्याच आवाजात नैराश्याच्या गोळ्याही समजावते: गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, बरं वाटलं तरी पुढे निदान सहा महिने घ्यायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत.

पाटी काढावी लागली याचं मला अजून वाईट वाटतं. ती कपाटामागे ठेवली आहे. अधूनमधून, जे बरेच दिवस येताहेत त्यांनाच विचारते, "परत लावू का?" गेल्या खेपेला त्या डोकेदुखीच्या बाई "लावा" म्हणाल्या. बाकीचे काही बोलले नाहीत.