आईचं हाड पडून मोडलं, हे विमा कंपनीला पटवताना

आईच्या खुब्याच्या ऑपरेशनचा क्लेम नाकारल्याच्या पत्रात कारण एका ओळीत उरकलं होतं: वयोमानाने होणारा ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार), वेटिंग पिरियड (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक आजारांचा खर्च न मिळण्याचा काळ) पूर्ण नाही. आई बाथरूममध्ये घसरून पडली, हे त्या पत्रात कुठेच नव्हतं. जणू बसल्या जागी तिचं हाड मोडलं. क्लेम शेवटी मिळाला, पण त्या पत्राचा राग अजून गेलेला नाही. ज्यांच्या घरी सत्तरीची आई आहे आणि मेडिक्लेम अलीकडेच घेतला आहे, त्यांनी हे आधीच वाचून ठेवावं म्हणून लिहिते आहे.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. या फ्रॅक्चरमध्ये होता होईल तो ४८ तासांच्या आत ऑपरेशन झालेलं बरं, असं डॉक्टरांनी सांगितलं. कॅशलेस, म्हणजे कंपनीने हॉस्पिटलला थेट पैसे देणं, नाकारल्यावर भावाने पैसे भरले, रॉड टाकला आणि फिजिओथेरपिस्टने दुसऱ्याच दिवशी आईला वॉकर धरून उभं केलं. पैशांसाठी ऑपरेशन थांबवलं नाही, हे फार बरं झालं. रिइम्बर्समेंटसाठी, म्हणजे भरलेले पैसे परत मिळवण्यासाठी, नंतर भांडता येतं.

खरा त्रास पुढे सुरू झाला. आमच्या पॉलिसीचं दुसरं वर्ष चालू होतं. ठरावीक आजारांच्या यादीला तीन वर्षांचा वेटिंग पिरियड होता आणि त्या यादीत मोतीबिंदू, हर्निया यांच्याबरोबर ऑस्टिओपोरोसिसही होता. कंपनीने त्यावर बोट ठेवलं. पण त्याच कलमात आणखी एक वाक्य असतं: अपघातामुळे आलेल्या क्लेमला ही अट लागू नाही. हे कलम विमा नियामकाने ठरवून दिलेल्या भाषेत असतं, त्यामुळे तुमच्याही पॉलिसीत कोड ०२ खाली सापडेल. मी फोनवर ते वाक्य वाचून दाखवलं. पलीकडून एकच उत्तर, “मॅडम, डिस्चार्ज समरीत ऑस्टिओपोरॉटिक फ्रॅक्चर लिहिलंय.”

आणि ते खरंच तसं लिहिलं होतं. निदान अचूक होतं; उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला म्हणजे हाड ठिसूळ झालेलं असणारच. पण हाड ठिसूळ आजारामुळे झालं आणि मोडलं पडल्यामुळे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. समरीत त्यातली एकच आली होती.

मग कंपनीने चौकशीला घरी माणूस पाठवला. आई पलंगावर, पाय उशीवर. त्याने विचारलं, “आजी, आधी हाडांचा काही त्रास होता का?” आई म्हणाली, “अहो, या वयात गुडघे कुणाचे दुखत नाहीत?” तेवढं त्याने लिहून घेतलं. टेबलावर कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली होती, तिचा फोटो काढला. पुढच्या पत्रात या दोन्ही गोष्टी ‘आधीपासून आजार असल्याचा पुरावा’ म्हणून आल्या.

हे वाचून मी त्या रात्री झोपले नाही. गुडघे दुखतात ते सांध्याची झीज झाल्यामुळे. ऑस्टिओपोरोसिस दुखतच नाही. हाड मोडेपर्यंत तो आहे हे बहुतेकांना कळत नाही, हीच तर त्याची भीती आहे. आईची डेक्सा टेस्ट, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, तोवर कधीच झाली नव्हती. मग ‘कधीपासून आहे’ या प्रश्नाचं उत्तर तिने कुठून द्यायचं? आणि कॅल्शियमच्या गोळीचं म्हणाल, तर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पाळी थांबलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधातून मिळतं साधारण २४० मिलिग्रॅम. आई दोन वेळचा चहा आणि वाटीभर ताक घेते. उरलेली भर घालायला फॅमिली डॉक्टरांनी गोळी दिली होती, जशी ते तिच्या वयाच्या बहुतेक बायकांना देतात. कमतरता भरून काढणं म्हणजे आजारावरचा उपचार नव्हे. हे सगळं मी तक्रारीच्या पत्रात जसंच्या तसं लिहिलं.

गाडी पुढे सरकली ती कॅज्युअल्टीच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागातल्या, कागदामुळे. अपघाताचा पुरावा म्हणून कंपनी एमएलसी (हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेली नोंद) नाहीतर एफआयआर मागत होती. घरात पाय घसरून पडलेल्या बाईचा एफआयआर कोण करतं? हॉस्पिटलनेही एमएलसी केली नव्हती. तेव्हा भाऊ म्हणाला, पूर्ण इनडोअर केसपेपर, म्हणजे दाखल असतानाच्या सगळ्या नोंदी, मागू. रेकॉर्ड रूममध्ये अर्ज दिला, बऱ्याच खेपांनंतर झेरॉक्सचा गठ्ठा हातात आला. पहिल्याच पानावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, आरएमओच्या (ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या) तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं: सकाळी सव्वासहाला बाथरूममध्ये घसरून पडल्या, त्यानंतर उजव्या पायावर उभं राहता येत नाही. खाली सही आणि वेळ. ती ओळ वाचून मला रेकॉर्ड रूमच्या बाकावरच रडू आलं.

तो कागद घेऊन सर्जनकडे गेले. ते आधी म्हणाले, “निदान मी बदलणार नाही.” मी म्हटलं, “बदलू नका, डॉक्टर. हाड कशाने मोडलं, एवढंच जोडून द्या.” मग त्यांनी लेटरहेडवर, सही-शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबरसह, पडल्यामुळे झालेली दुखापत हे फ्रॅक्चरचं तात्कालिक कारण आहे असं लिहून दिलं. म्हणून सांगते, डिस्चार्ज घेताना बिलाआधी समरी वाचा. पडल्याचा उल्लेख नसेल तर तिथेच घालून घ्या. नंतर एका ओळीसाठी हॉस्पिटलच्या किती पायऱ्या चढाव्या लागतात, ते मी अनुभवलंय.

तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने केली, विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवरही टाकली. पत्रात दोन गोष्टी विचारल्या: कलमातलं अपघाताचं वाक्य का लावलं नाही, आणि क्लेम नाकारण्याला कंपनीतल्याच क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी होती का. २०२४ च्या नियमांनुसार त्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जाता येतं. आम्हा नाशिककरांसाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, नकारानंतर एक वर्षाची मुदत असते. मी तो अर्जही भरून ठेवला होता. त्याची गरज पडली नाही. क्लेम मंजूर झाल्याचा मेसेज आला तेव्हा आई वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला सांगितलं, तर म्हणाली, “मग मी पडले होते, हे पटलं का त्यांना?”

आठवलं तसं आणखी थोडं. रॉडचं वेगळं बिल आणि त्यावरचा स्टिकर जपून ठेवा, तो नसेल तर त्या रकमेवर हमखास क्वेरी येते. एक्स-रेची फिल्म किंवा सीडी मूळ मागतात. देण्याआधी कॉपी काढा.

आणि कागदांच्या धावपळीत हाडांचा उपचार मागे पडू देऊ नका. रॉडने एक हाड जोडलं, बाकीचा सांगाडा तसाच ठिसूळ आहे. डेक्सा केली, टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती कमी, तो आकडा) उणे ३.१ आला. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. आधी ड जीवनसत्त्व भरून काढलं, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन पाहिलं, दातांच्या डॉक्टरांना दाखवलं, कारण हाडांसाठी जे औषध द्यायचं होतं त्यावर असताना दात काढला तर जबड्याच्या हाडाला इजा होण्याचा धोका असतो. त्यानंतर ते औषध, म्हणजे झोलेड्रॉनिक अॅसिडचं वर्षातून एकदा द्यायचं इंजेक्शन, सलाइनमधून दिलं. रात्री ताप आणि अंगदुखी झाली; पहिल्या डोसला होते, पॅरासिटामॉल द्या, घाबरू नका. थायरॉईडची गोळी चालू असेल तर कॅल्शियम तिच्यानंतर निदान चार तासांनी.

डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांची बिलं आमच्या पॉलिसीत बसतात. डेक्साचं आणि फिजिओथेरपीचं त्यात लावलंय, मंजुरी अजून यायची आहे.