तुम्ही विचारलंत म्हणून: त्या जुन्या मोटरी मी उडवत का नाही

डेन्व्हरच्या आमच्या घरात पुस्तकांच्या कपाटाच्या वरच्या खणात मॉडेल रॉकेटच्या जुन्या मोटरींची, म्हणजे कागदी नळकांड्यांची एक रांग आहे. अंगठ्याएवढी जाड, बोटभर लांब. रॉकेट उडवायला येणारी मुलं, आणि मुलांपेक्षा त्यांचे बाबा, हमखास विचारतात, "काका, या मोटरी आता बनत नाहीत म्हणता, मग एकदा उडवून का बघत नाही? नुसत्या ठेवून काय उपयोग?" दर वेळी मी घाईत काहीतरी सांगतो. आज नीट सांगतो.

मॉडेल रॉकेटची मोटर ही आपल्या दिवाळीतल्या बाणाची सख्खी बहीण. जाड कागदाची नळी, खालच्या तोंडाशी मातीचं नोझल (जळलेला वायू बाहेर पडायचं अरुंद भोक), त्यावर ठासलेली काळी दारू. दारू संपली की सावकाश जळणारा एक थर, म्हणजे तेवढा वेळ रॉकेट आपल्याच वेगात वर जात राहतं. शेवटी एक छोटा बार होतो आणि पॅराशूट बाहेर पडतं. नावातलं अक्षर एकूण जोर सांगतं आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला तो दुप्पट होतो. बी म्हणजे जास्तीत जास्त ५ न्यूटन-सेकंद (रेटा गुणिले वेळ). अक्षरानंतरचा आकडा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा पॅराशूटच्या आधीचे सेकंद.

आता बी१४ घ्या. माझ्या रांगेत सगळ्यात लाडकी तीच. ५ न्यूटन-सेकंदांचा सगळा ऐवज १४ न्यूटनने खर्च करायचा, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश सेकंदात खेळ आटोपतो. बी४ तेवढाच ऐवज सव्वा सेकंद पुरवते. बी१४ची करामत दारूच्या आतल्या खोल भोकात होती. साध्या मोटरीत दारू खालून वर, उदबत्तीसारखी एका टोकाने जळते. भोक असलं की आतली सगळी भिंत एकदम पेट घेते. जड रॉकेट किंवा दोन टप्प्यांच्या रॉकेटचा खालचा टप्पा उडवायच्या दांडीवरून झटकन सुटायचा तो यामुळे. पण दारूत एवढं खोल भोक करणं हे वेळखाऊ आणि जोखमीचं काम. १९८०च्या सुमारास बी१४ गेली, तिच्या जागी बी८ आली, पुढे तीही गेली. बी१४ धरून आखलेली रॉकेटं आजही बांधता येतात, पण ती तशी उडत नाहीत. याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाकीच्यांच्या कहाण्या लहान आहेत. नावाच्या शेवटी 'एस' असलेल्या आखूड मोटरी १३ मिलिमीटरच्या बारीक मोटरी आल्यावर मागे पडल्या. फीनिक्सची सेंच्युरी ही रॉकेट कंपनी, मॉडेल रॉकेटच्या मोटरी बनवणाऱ्या एस्टेस कंपनीच्याच मालकाकडे गेली आणि १९८०च्या दशकात तिचं नावच पुसलं गेलं. क्वचित एखादी परतही येते. २०१८मध्ये एस्टेस कंपनी अभियंते जॉन लँगफर्ड यांच्या कुटुंबाने घेतली, त्यानंतर सी५-३ पुन्हा दुकानात दिसली तेव्हा मी दोन पाकिटं आणली.

तर मग बी१४ का पेटवत नाही? त्यासाठी ही वस्तू मुळात कशासाठी जन्मली ते सांगायला हवं. नेब्रास्कातल्या नॉरफक गावी ऑर्व्हिल कार्लाईल यांचं चपला-बुटांचं दुकान होतं आणि त्यांना शोभेच्या दारूचा नाद होता. १९५४मध्ये त्यांनी भाऊ रॉबर्ट यांच्यासाठी तयार मोटरीवर उडणारं छोटं रॉकेट केलं. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम करणारे हॅरी स्टाइन यांचा रॉकेटच्या सुरक्षिततेवरचा लेख १९५७मध्ये मासिकात आला. तो वाचून कार्लाईलनी आपले नमुने त्यांना पाठवून दिले. त्याच वर्षी स्पुटनिक उडालं आणि अमेरिकेतली पोरं काडेपेटीच्या गुलापासून गंधकापर्यंत मिळेल ते पाइपात ठासू लागली. बोटं गेली, डोळे गेले. ते थांबवायचं तर मुलाचा हात दारूला लागताच कामा नये. मोटर कारखान्यात भरायची आणि मुलाने ती फक्त बसवायची. डेन्व्हरच्या व्हर्न एस्टेस यांनी त्यासाठी 'मेबल' नावाचं यंत्र बांधलं. १९५९पासून ते दर साडेपाच सेकंदांना एक मोटर देऊ लागलं, प्रत्येक आधीच्यासारखीच.

ही खात्री जुन्या मोटरीत उरत नाही. कुणाच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं उन्हाळ्यात तापून हिवाळ्यात गोठलेली दारू नळीपासून सुटते. त्या फटीतून आग एकदम वर धावते, दाब चढतो आणि मोटर फुटते. माझ्या हातून हे एकदा झालं आहे. गॅरेज सेलमध्ये मिळालेली डी मोटर होती. दांडीवरच स्फोट झाला, रॉकेटचा खालचा अर्धा भाग कागदाच्या चिंध्या होऊन गवतात पसरला. आम्ही नियमाप्रमाणे लांब उभे होतो, म्हणून कुणाला काही झालं नाही. शेजारच्यांची आठ वर्षांची मुलगी माझा हात घट्ट धरून होती. ती पकड मला अजून आठवते.

गेल्या महिन्यात रांगेतल्या सातपैकी पाच मोटरी मी पाण्याच्या बादलीत बुडवल्या. रात्रभरात कागद फुगून उलगडला, माती विरघळली, पाणी काळंभोर झालं. दोन ठेवल्या. एकीवर बी३ छापलंय, दुसरीवर बी१४. आत दोन्ही सारख्याच. पहिली रेटा पौंडांत मोजायच्या काळातली, दुसरी न्यूटन आल्यानंतरची.