उताऱ्यावर नाही

डिसेंबरात आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या रीडिंगचा सराव करताना मी कापसावरच्या उताऱ्यात तोंडावर आपटले. १३ पैकी ५. आदल्याच रात्री समुद्रातल्या प्रवाळांवरच्या उताऱ्यात १० आले होते, आणि प्रवाळ मी जन्मात पाहिलेलं नाही. समुद्रसुद्धा एकदाच पाहिला, कॉलेजच्या सहलीत, अर्धा तास. कापसाचं म्हणाल तर घरी पऱ्हाटी नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही, वर बी.एस्सी. ॲग्री केलेलं. मी वही आपटली तशी आई चुलीपुढून म्हणाली, "काय झालं वं? इंचू चावला का?" विंचवावर निदान उतारा तरी असतो. इथे उताराच चावला होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बाहेरच्या विद्यापीठांना जी ॲकॅडमिक परीक्षा लागते तिच्या रीडिंगला ६० मिनिटं, तीन उतारे, ४० प्रश्न. कागदावरच्या लिसनिंगला उत्तरं उतरवायला शेवटी १० मिनिटं जादा मिळतात, रीडिंगला तीही नाहीत. साधारण २३ बरोबर आले की बँड, म्हणजे श्रेणी, ६, ३० आले की ७. मला मातीच्या विषयात एम.एस्सी. करायला बाहेर जायचंय आणि ६.५ हवेत, म्हणजे साधारण सत्तावीस तरी.

आमच्या मराठी शाळेत इंग्रजीचा उतारा सोडवायची एक युक्ती होती. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवायची. अर्थ कळला नाही तरी गुण पडायचे. दहावीला मला इंग्रजीत ८१ होते ते याच जोरावर, खोटं कशाला बोलू. इथे उताऱ्यात 'स्केअर्स', म्हणजे तुटपुंजं, असतं आणि प्रश्नात त्याच अर्थाचं 'इन शॉर्ट सप्लाय'. शब्द सापडतच नाही, आणि जो जसाच्या तसा सापडतो तिथे बहुधा खड्डा खणून ठेवलेला असतो. पण हे महिनाभरात जमलं. वही केली, जोड्या पाठ केल्या. माझं घोडं पेंड खात होतं ते ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनपाशी. उताऱ्याखाली विधानं असतात, आणि उतारा तसंच म्हणतो, उलट म्हणतो की त्याबद्दल काही म्हणतच नाही, ते प्रत्येकापुढे लिहायचं.

त्यासाठी यवतमाळला एका क्लासला दीड महिना एसटीनं ये-जा केली. तिथल्या सरांचं एकच सांगणं: सापडलं नाही की नॉट गिव्हन लिहा. अहो, पण मला सापडलं नाही की तिथे नाहीच, हे मी कसं ओळखू? हे विचारलं की पुढचं पान उलटायचे. मग तो क्लास सोडला.

तर कापसाचा उतारा. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारायचा गुण बियाण्यातच घातलेला कापूस, २००२ साली भारतात आला, झपाट्यानं पसरला, बोंडअळीसाठीची फवारणी सुरुवातीला कमी झाली, एवढंच त्यात होतं. खाली विधान असं: गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली आणि मध्य भारतातल्या शेतकऱ्यांचं नुकसान झालं. मी क्षणाचाही विचार न करता ट्रू लिहिलं. का नाही लिहिणार? २०१७ ला मी दहावीत होते. शाळेतून आले तर बाबांनी अंगणात टोपलीभर बोंडं ओतलेली. बाहेरून हिरवीगार, धडधाकट. विळ्यानं चिरलं की आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडून चिकटलेली, आणि मधे अंग चोरून बसलेली गुलाबी अळी, करंगळीच्या पेराएवढीही नाही. शेतात फुलं उमललीच नव्हती, पाकळ्या गुंडाळून नुसत्या डोमकळ्या. त्या वर्षी आम्ही कापसापेक्षा कवडीच, म्हणजे किडका डागी कापूसच, जास्त वेचली.

आणि उत्तरपत्रिका म्हणते, नॉट गिव्हन.

आमच्याकडे शेतीची लाईन कधी दिवसा असते, कधी रात्री. तो आठवडा रात्रीचा होता. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर काकाच्या विहिरीवरच्या मोटारीवर पाळी लागते. बाबांसोबत मीही जाते, एक म्हणजे रानडुकरांमुळे त्यांना एकटं सोडवत नाही, आणि दुसरं, तिथे कोणी बोलावत नाही म्हणून वाचन होतं. गेल्या सालच्या पऱ्हाट्या पेटवून आम्ही लाईनची वाट पाहत बसलो होतो. मी मोबाइलच्या उजेडात तोच उतारा परत वाचत होते.

"काय वाचून राहिली एवढं?"

मी विधान मराठीत करून सांगितलं. जरा रागानंच.

"थ्या कागदात लिहेल हाये का, नुकसान झालं म्हून?"

"नाही. पण झालं ना बाबा. आपलंच झालं."

"झालं ना. मी कुठी नाही म्हनतो?" त्यांनी एक पऱ्हाटी आत सरकवली. "आपल्या इहिरीचंही तसंच हाये."

विहिरीची गोष्ट अशी. २०१६ ला आमच्या वाट्याच्या तुकड्यात विहीर खोदली. पाणी लागलं, गावात पेढे वाटले, आणि सातबाऱ्यावर नोंद करायचं राहून गेलं. पुढे सौर पंपाचा अर्ज भरताना नेमकी तीच नोंद मागितली. बाबा उतारा घेऊन चकरा मारत राहिले. साहेबांना म्हणाले, गाडीवर बसा, दाखवून आणतो. त्यावर टेबलापलीकडून जे उत्तर मिळालं ते बाबा आजही नक्कल करून सांगतात: "तुमाले मालूम हाये, मले मालूम हाये, पन कागदाले मालूम नाही."

त्या रात्री मात्र त्यांनी नक्कल केली नाही. "इहिर हाये हे खोटं हाये का? नाही. मंग कागदावर हाये का? थेही नाही. तुह्या पेपरातबी हेच इचारून राहिले दिसते."

सातबाराही उताराच आणि रीडिंगचाही उताराच. शाळेपासून दोन्हींना हाच शब्द वापरतेय, पण ते दोन एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहिलेच नव्हते. घरी आल्यावर पेटीतला सातबारा काढला आणि त्याच्यावर विधानं करत बसले. 'या जमिनीवर बोजा आहे.' इतर हक्कात सोसायटीचं कर्ज चढवलेलं आहे, म्हणून ट्रू. 'ही सगळी जमीन लागवडीची आहे.' पोटखराब म्हणून क्षेत्र वेगळं दाखवलंय, म्हणजे कागद स्वतःच उलट बोलतोय, फॉल्स. 'या शेतातला हरभरा चवीला चांगला.' नॉट गिव्हन. चांगला आहे हो, फार चांगला आहे, पण नॉट गिव्हन! फॉल्सला विरोधात जाणारी ओळ बोट ठेवून दाखवता आली पाहिजे, हे मला तेव्हा कळलं. बोट ठेवायला ना बाजूची ओळ ना विरोधातली, तेव्हाच तिसरं उत्तर.

तेव्हापासून वहीत एक रकाना वाढवलाय, 'कोणत्या ओळीवरून'. तिथे ओळीचा आकडा लिहिल्याशिवाय ट्रू किंवा फॉल्स लिहायचं नाही. आणि क्लासवाल्यांनी न सांगितलेली एक गोष्ट या रकान्यामुळे आपोआप दिसली: या प्रकारची विधानं उताऱ्याच्याच क्रमानं येतात. तिसऱ्याची ओळ सापडली, पाचव्याची सापडली, तर चौथ्याला त्या दोघांच्या मधेच शोधायचं. खरेदीखतात चतुःसीमा असते तशी. तेवढ्या पट्ट्यात नसेल तर नाही, सगळं रान तुडवायचं नाही. आता माझ्या चुका होतात त्या 'मोस्ट' आणि 'ऑल' मधल्या. उताऱ्यात बहुतेक शेतकरी, विधानात सगळे शेतकरी, आणि मी घाईत दोघांना एकाच बैलगाडीत बसवते.

जानेवारीत पूर्ण पेपर वेळ लावून सोडवले. २४, मग २७, मग पुन्हा २५. परीक्षा पुढच्या महिन्यात नागपूरला आहे. विहिरीच्या नोंदीचा अर्ज नव्यानं दिलाय, तलाठी पाहणीला यायचेत.

परवाच्या रात्री शेतावर दोन उतारे ३८ मिनिटांत संपवले होते. एवढा वेळ कधीच हाती उरला नव्हता. तिसरा उघडला, पहिला परिच्छेद वाचला आणि पलीकडे मोटार घरघरली. "लाईन आली वं! पाईप बदलाले ये!" स्प्रिंकलरचे पाईप एकट्या माणसाला उचलून फिरवता येत नाहीत. परत शेकोटीपाशी आले तेव्हा हात गारठलेले, चपलांना चिखल, आणि घड्याळ केव्हाच शून्यावर. तेरा प्रश्न कोरे राहिले. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे उठता उठता तेराही ठिकाणी काहीतरी ठोकून द्यायला हवं होतं.