कॉर्नेलियाला राक्षसीण म्हणू नका

बुधवार, रात्रीचे पावणेबारा

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. काल 'चाइल्ड्स पोझ' बघितला, कालिन पीटर नेत्झरचा रुमानियन सिनेमा, 2013 चा. नावाचा अर्थ आपलं योगातलं बालासन. त्या वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन बेअर, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, यालाच मिळालं, हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाई ज्युरीचा अध्यक्ष होता, शिवाय समीक्षकांचं फिप्रेस्कीचं बक्षीसही. आज कामं उरकता उरकता मोबाईलवर रिव्ह्यू वाचत होते आणि संध्याकाळपर्यंत चांगलीच चिडचिड झाली.

कॉर्नेलिया म्हणजे बुखारेस्टमधली साठीची, पैसेवाली, वरपर्यंत ओळखी असलेली बाई. एकुलता एक मुलगा बार्बू, चांगला मोठा घोडा, पण तिच्याशी धड बोलत नाही. तो भरधाव गाडीखाली गरीब घरातल्या एका पोराला उडवतो आणि पोरगा जागीच जातो. ही फरचा कोट घालून थेट पोलीस ठाण्यात, आणि तिथेच त्याला जबाब बदलायला लावते, स्पीड कमी सांग म्हणून.

कॉर्नेलिया झालेल्या लुमिनिता गेओर्गियूच्या कामाचं सगळ्यांनीच कौतुक केलंय आणि ते खरंच आहे, 2021 मध्ये गेली बिचारी. बऱ्याच जणांना हा सिनेमा कम्युनिस्ट राजवट गेल्यावर वर आलेल्या श्रीमंत वर्गाबद्दलचा वाटला, सगळं विकत मिळतं असं समजणारी ती माणसं. तेही पटतं मला. साक्षीदाराशी तिची जी घासाघीस चालते (साक्षीदार झालेला व्लाद इवानोव काय थंड बसलाय तिथे!) ती बघताना अंगावर काटा येतो. हलत्या कॅमेऱ्याची तक्रार मला फार महत्त्वाची वाटली नाही, दहा मिनिटांनी विसरायला होतं.

पण 'राक्षसी आई' हा शब्द इतक्यांनी वापरलाय की बास. ती मुलाच्या पाठीला मलम चोळते तो सीन आठवा. हात किती वेळ फिरतोय, किती सावकाश, आणि तो नुसता पडून राहिलाय. मला बघवेना, कारण तो हात ओळखीचा वाटला. माझा मुलगा बंगळुरूला राहतो, त्याच्या रूममेटचा नंबर मी त्याला न सांगता घेऊन ठेवलाय आणि दोनदा फोनही केलाय. राक्षसीण म्हटलं की ती बाई आपल्यापासून लांब जाऊन बसते आणि बघणारी प्रत्येक आई सुटते. सिनेमा तसं सोडत नाही कुणाला.

शेवटाबद्दल समीक्षकांचं एकमत नाही. गेलेल्या पोराच्या आईबापासमोर बसून ती स्वतःच्याच मुलाबद्दल बोलत राहते, रडते, जणू मेलाय तो तिचाच. हे रडणं खरं की केस मिटवायचा डाव? मला ते शंभर टक्के खरं वाटलं आणि म्हणूनच भीती वाटली, कारण समोर ती दुसरी आई बसलीये आणि हिला तिच्या घरातही स्वतःचाच मुलगा दिसतोय.

मग ती गाडीत येऊन बसते. इतका वेळ आत बसून राहिलेला बार्बू आपणहून उतरतो, पोराच्या वडिलांकडे जातो. ते दोघं आपल्याला गाडीच्या आरशात दिसतात, काय बोलतात ते ऐकू येत नाही, हात मिळवलेला तेवढा दिसतो. हा सीन मी आज परत लावून बघितला, दोनदा. ती मध्ये पडत नाही. अख्ख्या सिनेमात पहिल्यांदा.