पोरगं तयार नसताना सुरुवात कुठून करायची : माझा अनुभव

व्यसनात अडकलेलं पोरगं दवाखान्यात यायला कधी तयार होतंय याची वाट बघायची नाही. पहिल्या भेटी घरच्यांनीच घ्यायच्या असतात. आमच्याकडे व्यसन गांजाचं आणि मेडिकलमधल्या गोळ्यांचं, वय १९. तो यायला तयार नव्हता, तेव्हा मी आणि त्याचे बाबा आधी समुपदेशकाकडे जाऊ लागलो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, आणि सुरुवातीलाच भाषा निवडता येते, मराठीसुद्धा. १४४४६ हा खास व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय नंबर. मूल १८ च्या आतलं असेल तर मुलांसाठीचा १०९८ आहेच.

फोनवर किंवा ओपीडीत नुसतं “बिघडलाय हो” म्हणून काही हाती लागत नाही. एक वही ठेवा. काय घेतो, कधीपासून, दिवसाला किती, शेवटचं कधी घेतलं, झोप कशी आहे, कधी फिट आली होती का, जीव द्यायची भाषा केली का. खोलीत सापडलेली गोळ्यांची रिकामी पाकिटं रागाने चुलीत घालू नका, तशीच नेऊन दाखवा. डॉक्टरांना गोळीचं नाव लागतं, कारण प्रत्येक नशा सुटताना वेगळा त्रास देते.

इथेच घरोघरी सगळ्यात धोक्याचं काम होतं : पोराला खोलीत कोंडून “आजपासून बंद”. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू अशी तोडली तर ६ ते २४ तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भास, घाम, ताप, बडबड सुरू झाली तर जीवावर बेततं. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच, त्या डॉक्टर हळूहळूच उतरवतात. हेरॉइन किंवा टॅपेंटाडॉलसारख्या जालीम वेदनाशामक गोळ्या सुटताना अंग ठणकतं, जुलाब होतात, नाकाडोळ्यांतून पाणी येतं. हा त्रास भयंकर दिसतो, पण सहसा जीव घेत नाही. जीव जातो तो नंतर. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि पोरगं जुनाच डोस घेतं. श्वास मंद झाला, ओठ निळे पडले, हाक मारून जागं होत नाही, तर तोंडात पाणी ओतू नका, कुशीवर वळवा आणि १०८ लावा. गांजा सुटताना चिडचिड, झोप उडणं, जेवण न जाणं हे पहिल्या आठवड्यात जोरात असतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. तेवढे दिवस त्याच्याशी भविष्यावर चर्चा नको. शाळकरी पोरं व्हाईटनर, पंक्चरचं सोल्यूशन हुंगतात, त्यात तर पहिल्याच वेळी हृदय बंद पडू शकतं.

बसस्टँडच्या भिंतींवर “न कळत दारू सोडवा” असे कागद चिकटवलेले असतात. त्यांच्या नादी लागू नका. जेवणातून चोरून दिलेल्या पुडीत डायसल्फिराम (दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध) असेल आणि त्यावर तो प्याला, तर रक्तदाब कोसळू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका असतो. डॉक्टर तीच गोळी रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने देतात.

जायचं कुठे? आमच्या बेळगावात सिव्हिल, म्हणजे बिम्स हे सरकारी रुग्णालय. पुढे पाठवायची वेळ आली तर धारवाडचं डिमहान्स, म्हणजे सरकारी मानसोपचार संस्था. निपाणीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ पडतं. आधार, रेशनकार्ड आणि दोन्हींच्या झेरॉक्स जवळ ठेवा. फॉर्म कन्नडमध्ये आला तर घाईने सही करू नका, वाचून घ्या, विशेषतः दाखल करण्याचा. औषध कुठल्याही भाषेत चालतं, समुपदेशन चालत नाही. मराठी शाळेत शिकलेला पोरगा धारवाडला शब्द शोधत बसतो आणि डॉक्टरांना वाटतं हा बोलतच नाही. मराठी येणारा समुपदेशक आहे का, हे नाव नोंदवतानाच विचारायचं. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली आहे. तुमचं गाव यादीत असेल तर व्यसनाचा उपचार त्यात बसतो का, हे दाखल होण्याआधीच आरोग्यमित्राकडून, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाकडून, कळून घ्या.

खासगी केंद्र बघताना फोनवरच कोणी म्हणालं, “गाडी पाठवतो, उचलून आणतो”, तर तिथेच फोन ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनामुळे होणारे मानसिक आजारही येतात, त्यामुळे केंद्राकडे त्या कायद्याखालच्या नोंदणीचा कागद मागण्यात कसला संकोच? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून कधी येतात, रात्री नर्स असते का, घरच्यांना भेटू देतात का, हेही विचारा. साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे. १८ च्या आतल्या मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालकाने किंवा सोबतीने पूर्ण काळ तिथे राहायचं असतं. मला विचाराल तर ज्या केंद्रात पहिला महिनाभर भेट बंद, तिथे मी माझं मांजरसुद्धा ठेवणार नाही.

पोलिसांच्या भीतीने बरेच जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडला तर ते संरक्षण काढून घेता येतं. म्हणून केसपेपर, चिठ्ठ्या, तारखा एकाच फाईलमध्ये ठेवायच्या.

घरात खरं काम पैशांचं. समुपदेशकाने आधी तेच हातात घेतलं. हातात रोख नाही आणि फोनपेवर “दोनशे टाक” नाही. फी कॉलेजात आपण भरायची, पेट्रोल आपण पंपावर जाऊन भरायचं, जेवण मात्र कधीच अडवायचं नाही. उधारीवाले दारात येतात, त्यातलं एकही कर्ज गुपचूप फेडायचं नाही, कारण उधारी मिटली की दुकानदार नव्याने माल देतो. धमकी आली तर पोलीस. हे सगळं आजी, मामा, मोठा भाऊ यांना आधी एकत्र बसवून सांगावं लागतं. आजीच्या कनवटीला शंभराची नोट राहिली तर बाकीच्यांचा नियम कागदावरच.

बोलायचं ते सकाळी, तो शुद्धीत असताना, आणि थोडकं. “काल रात्री तू आलास तेव्हा मला भीती वाटली. बुधवारी ओपीडी आहे, मी येते बरोबर.” बस्स. नशेत आला तर भांडण नाही, जेवण झाकून ठेवून आपण आत जायचं. ज्या संध्याकाळी तो कोरा असतो, त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर बसायचं, आवडीचं करून घालायचं. आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं : नशेच्या दिवशी सगळं घर त्याच्याभोवती, चांगल्या दिवशी कुणाचं लक्ष नाही.

लघवीची तपासणी डॉक्टरांवर सोडा. रोज गांजा ओढणाऱ्याची तपासणी बंद केल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि त्यावरून घरात उगाच “खोटारडा” सुरू होतं.

उपचार घेऊन घरी परतल्यावरचा पहिला मोठा पेच म्हणजे सण. शिवजयंतीचे चित्ररथ, गावची जत्रा, गणपती विसर्जनाची रात्र, मित्रांची गोव्याची ट्रिप. जाऊ नको म्हटलं की चोरून जातो. आठवडाभर आधी ठरवायचं : कुणाबरोबर, किती वाजता परत, मन ओढायला लागलं तर फोन कुणाला. पुन्हा घेतलंच तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, दुसऱ्या दिवशीच ओपीडीत जा आणि काय घेतलं, किती घेतलं ते स्पष्ट सांगा, डॉक्टर त्यावरून औषध बदलतात. याच काळात नातेवाईक “लग्न लावून द्या, सुधारेल” घेऊन येतात. आम्ही सरळ सांगतो, डॉक्टरांचा उपचार चालू आहे, तो संपल्याशिवाय स्थळ बघणार नाही.