बोट ठेवा, मग नाव सांगा

स्मरणिकेसाठी ‘शाळेविषयी चार शब्द’ मागणारे पत्र मिळाले. शाळेविषयी लिहायचे म्हणजे बाईंविषयीच लिहिले जाणार, हे संपादक मंडळानेही ओळखले असेल. मैदान, स्नेहसंमेलन, जुन्या इमारतीचा लाकडी जिना यांवर बाकीचे लिहितीलच. बाईंचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसते ‘जीवशास्त्राच्या बाई’ म्हटले की कोणत्याही तुकडीला पुरते.

पृष्ठवंशी प्राण्यांचा धडा पुस्तकात एका तक्त्यात संपत असे: मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन. बाईंनी तो तक्ता कधी पाठ करून घेतला नाही. पाण्याच्या टाकीसमोरच्या त्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर ट्रे आणि ट्रेमध्ये सकाळच्या बाजारातला बांगडा. नियम एकच: ‘बोट ठेवा, मग नाव सांगा.’ ज्याच्यावर बोट ठेवता येत नाही, त्याचे नाव तोंडातून काढायचे नाही.

बांगडा अशासाठी की तो स्वस्त, हातात मावणारा आणि आतून स्पष्ट. मात्र तो साफ न केलेला हवा. कोळीण सवयीने कल्ल्यात बोट घालून आतडी ओढते आणि बरोबर हृदयही जाते. माशाचे हृदय कल्ल्यांच्या लगेच खाली, गळ्याशी असते, आणि निम्म्या वर्गाचे शोधणे पोटात चाललेले असे. कात्रीचे बोथट टोक आत ठेवून गुदद्वारापासून डोक्याकडे पोटाच्या मधल्या रेषेने कापत जायचे, टोक सतत वर उचललेले. ते खाली गेले की आतडे फुटते, आणि पित्ताची पिशवी फुटली तर सगळा ट्रे हिरवा. हृदय सापडले की त्याचे दोनच कप्पे मोजायचे, एक अलिंद आणि एक निलय. तिथून रक्त कल्ल्यांत जाते, कल्ल्यांतून थेट अंगभर, आणि मगच परत येते. आपल्यासारखे मध्येच हृदयाकडे वळत नाही.

मग कल्ल्याचे झाकण उचलायचे. आत दोन्ही बाजूंना चार-चार कमानी. कमानीच्या मागच्या कडेला लाल झालर असते, ती श्वासासाठी. पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, ते अन्नासाठी. बांगड्याचे हे दाते इतके लांब की तोंड उघडले तरी दिसतात, कारण तो पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. सुरमई दुसरे मासे पकडून खाते, म्हणून तिचे दाते थोडे आणि आखूड. दोन्ही माशांचे कुळ एकच, आणि पोट भरायची रीत मात्र कमानीवरच लिहिलेली. आतडी बाजूला केल्यावर कण्याला चिकटून काळपट लाल पट्टी दिसते. घरी ती ‘साकळलेले रक्त’ म्हणून नखाने खरवडून टाकतात. ते माशाचे मूत्रपिंड. बाईंच्या वर्गातून गेलेल्या कुणालाही मासे साफ करताना हे आठवतच असणार.

सुरमईच्या तुकडीवर त्यांचा एक अख्खा तास जाई. तुकडीच्या मधोमध गोल मणका, त्याच्या वरच्या कमानीत मज्जारज्जूची वाट. शेपटीकडच्या तुकडीत खालीही तशीच कमान असते आणि तिच्यातून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. पोटाकडच्या तुकडीत खालची कमान नसते, तिथे फासळ्या. म्हणजे ताटातली तुकडी माशाच्या कोणत्या भागाची, हे मणका पाहून सांगता येते. दोन मणके वेगळे केले तर प्रत्येक मणका पुढून-मागून वाटीसारखा खोलगट, आणि वाट्यांच्या मध्ये चिकट गर. तो गर म्हणजे पृष्ठरज्जूचा, भ्रूणात कण्याच्या जागी असणाऱ्या दोरीचा, अवशेष. आपल्या मणक्यांमधल्या चकतीच्या गाभ्याचे मूळही भ्रूणावस्थेतल्या त्याच दोरीत आहे. घसरलेली चकती हा आजार घरोघरी माहीत असतो, त्याचा सुरमईशी असलेला संबंध आम्हाला नववीतच माहीत होता!

मुशी, म्हणजे लहान शार्क, शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवून ओळखायची. काचपेपर लागतो, कारण तिच्या खवल्यांची घडण दातासारखीच: आत गर, भोवती दंतिन, वर टणक थर. कल्ल्यांवर झाकण नाही, पाच उघड्या फटी. हाड नाही, सगळी कूर्चा, आपल्या नाकाच्या शेंड्यात असते तशी. पण ‘कूर्चा म्हणजे कच्चे हाड’ असे कुणी म्हटले की बाई चिडत. मुशीच्या फार जुन्या पूर्वजांच्या कुळात हाड होते; कूर्चेचा सांगाडा म्हणजे मागे राहणे नव्हे, ती वेगळी वाट. ढोमा आणायचा तो डोक्यातल्या दोन पांढऱ्या खड्यांसाठी आणि भोतासाठी. खडे कानातले, तोल सांभाळायला. भोत म्हणजे हवेची पिशवी, जिच्यासाठी घोळ माशाला सोन्याचा भाव येतो. जुन्या पुस्तकांत भोतापासून फुप्फुस झाले असे लिहिलेले असे. बाईंनी ते वाक्य खोडून उलटे लिहायला लावले: आधी साधे फुप्फुस होते, बहुतेक माशांत त्याचे भोत झाले. आज सर्वमान्य मत हेच आहे. लेप या चपट्या माशाचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला का, तर पिल्लू असताना ते दोन बाजूंना असतात आणि वाढताना उजवा डोळा डोक्यावरून पलीकडे सरकतो. हे सांगून त्या पुढे जात, लेपावर रेंगाळत नसत.

पण बाईंचा खरा दिवस कोंबडीचा. तो पंख आठवत नाही असा माजी विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.

कोंबडी कातडीसकट, पंखांसकट, अख्खी आणायची. छातीच्या मधोमध जी उभी हाडाची कड लागते, तिच्या एका बाजूने सुरी हाडाला घासत नेऊन वरचा जाड स्नायू सोडवायचा आणि खांद्याकडे उलटवायचा. खांद्याजवळ तो कापायचा नाही. हा स्नायू पंख खाली मारतो. त्याच्या खाली लांबट, निमुळता, वेगळ्या पापुद्र्यातला दुसरा स्नायू निघतो. त्याच्या खांद्याकडच्या टोकाला पांढरी चकचकीत कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, असते. आता या आतल्या स्नायूला चिमट्यात धरून हळूच छातीच्या कडेकडे ओढायचे. पंख वर उठतो.

स्नायू छातीवर, ओढ खाली, आणि पंख वर कसा? बाई उत्तर सांगत नसत. कंडरेवर बोट ठेवून ती कुठे जाते ते शोधायला लावत. खांद्याशी तीन हाडे एकत्र येतात: खवाटा, खांबासारखे कोराकॉइड आणि हासळीचे हाड. त्यांच्या मधल्या भोकातून कंडरा वर जाते, वळसा घेते आणि दंडाच्या हाडाला वरून चिकटते. विहिरीवरच्या रहाटाचा दोर. दोर खाली ओढा, बादली वर. दोन्ही जड स्नायू छातीशी राहिल्यामुळे उडताना पक्ष्याचे वजन पंखांच्या खाली राहते. हासळीची दोन हाडे जुळून बेचकी झालेली दिसते, तशीच बेचकी मांसाहारी डायनोसॉरांच्या कित्येक जीवाश्मांतही सापडते. पक्षी त्याच घराण्यातले.

प्रयोग फसायचा तो ठरावीक कारणांनी. कोंबडीवाल्याने खांद्याचा सांधा मोडलेला असे. किंवा कोंबडी कापून तीन-चार तास झालेले आणि ती ताठरलेली. किंवा वरचा स्नायू सोडवताना घाईत सुरी आतल्या पापुद्र्यातून गेलेली. मग बाई दुसरी बाजू वापरत; पंख दोन असतात, असे म्हणत. भायखळ्याच्या राणीबागेत २०१७ पासून हम्बोल्ट पेंग्विन पाहायला मिळतात. ते पाण्यात पंख वर नेतानाही जोर लावतात, म्हणून त्यांचा हा आतला स्नायू मोठा असतो. बाईंनी तिथे वर्ग नेला असता.

त्याच कोंबडीची मान मोजायची: चौदा मणके. मुले बहुधा तेरा मोजत, कारण पहिला मणका इवल्याशा कड्यासारखा असतो आणि मुंडक्याबरोबर जातो. बकऱ्याचे सात, माणसाचे सात, जिराफाचेही सात. सस्तनांत हा आकडा मोडणारे जवळजवळ फक्त झाडावर उलटा लटकणारा स्लॉथ आणि पाण्यात राहणारी मॅनटी. कोंबडीचा ‘मागे वळणारा गुडघा’ हा गुडघा नव्हे, घोटा. खरा गुडघा वर पिसांत लपलेला. बकऱ्याच्या पायाची नळी म्हणजे मधली दोन हाडे जुळून झालेले एक, आणि खालच्या टोकाला दोन कप्प्या अजून वेगळ्या, दोन खुरांसाठी.

एक बाजूची गोष्ट, पण मुंबईकरांनी विसरू नये अशी. वरळीच्या टेकडीतल्या, लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळाच्या खडकात छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. आजचे त्यांचे नाव इंडोबॅट्रेकस. बाई हे सांगून खिडकीतून त्या दिशेला हात करत, बस्स.

खोलीच्या कोपऱ्यातल्या कपाटातली हाडे बाईंनी तयार केलेली. मांस काढून हाडे मंद आचेवर ठेवायची, खळखळ उकळायची नाहीत, नाहीतर चरबी हाडात मुरते. मग कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, पाणी बदलत आठवडाभर. चरबी राहिली तर पहिल्याच पावसाळ्यात हाड पिवळे पडते आणि मुंग्या लागतात. शेवटी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक दिवस. ब्लीचिंग पावडर कधीच नाही, ती हाडच खाते. कोंबडीच्या तंगडीचे एक हाड व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस ठेवले, मध्ये एकदा व्हिनेगर बदलले, की रबरासारखे वाकते: क्षार गेले, कोलॅजन हे लवचीक प्रथिन राहिले. दुसरे हाड आगीत भाजले की बोटाने चुरते: कोलॅजन गेले, क्षार राहिले. दोन्ही हाडे शेजारी ठेवली की फळ्यावर काही लिहावे लागत नसे.

ते कपाट आता नाही. त्या खोलीत पडदा आणि प्रोजेक्टर आहे, आणि पडद्यावर कोंबडीचा पंख फार सुरेख हलतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांतली विच्छेदने बंद केली. बेडूक आणि मुशा पकडून मारण्याचा तो प्रकार थांबला हे चांगलेच झाले. पण बाजारातली सुरमई आणि कोंबडी त्यात येत नव्हती. तीही गेली, याला माझ्या मते आळस कारण आहे. शिवाय हल्ली कोंबडी सोललेली आणि तुकडे केलेलीच मिळते, म्हणून कोंबडीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते.

मी आज महाविद्यालयात तुलनात्मक शरीररचना शिकवतो. परीक्षेत मुले कोराकॉइडची व्याख्या बिनचूक लिहितात, आणि समोर हाड ठेवले की खवाट्याला हात लावतात.

नव्या इमारतीत एखाद्या कपाटाला जागा होणार असेल, तर ढोम्याचे खडे, बकऱ्याची नळी आणि मुशीचा एक जबडा मी पोहोचवतो. जबडा अजून ओला आहे. तो उघडा करून पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवावा लागतो, नाहीतर कूर्चा आक्रसते आणि तोंड मिटून बसते. पावसाळ्यात वाळवायला घेऊ नये, दिवाळीनंतर आणतो.